शब्द ओळखीचा होतो म्हणजे काय? लहान मुलांचं वाचन आणि 'साइट वर्ड्स'



मागच्या व्याख्यानात आपण स्मरण आणि ओळख यांत फरक काय, याचा विचार केला. त्यानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या त्यांतल्या बऱ्याचशा आई-वडिलांच्या आणि आजी-आजोबांच्या होत्या, आणि विषय जवळजवळ एकच होता. शाळेतून इंग्रजी शब्दांच्या याद्या घरी येतात. वर लिहिलेलं असतं 'साइट वर्ड्स'. सूचना अशी की हे शब्द फोड न करता, नुसते पाहून ओळखता आले पाहिजेत. मग घरोघर कार्डं कापली जातात, फ्रिजवर चिकटवली जातात, आणि रात्री जेवणाआधी मुलाची हजेरी घेतली जाते. काही मुलं भराभर सांगतात, काही आज सांगतात आणि उद्या विसरतात, आणि काही रडतात. चिठ्ठ्यांमधला प्रश्न असा, की हे असं घोकून घेणं बरोबर आहे का?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. प्राथमिक शाळेत आम्ही कधी शिकवलेलं नाही. पण या प्रश्नाच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीट सुटला नाही म्हणून मुलांचे हाल होतात असं आम्हांला वाटतं. म्हणून आज हा विषय.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. साइट वर्ड म्हणजे नजर पडताक्षणी ओळखू येणारा शब्द. तुम्ही एसटीत किंवा लोकलमध्ये खिडकीशी बसलेले असता. बाहेर दुकानांच्या पाट्या सरकताहेत. आता ठरवा, की पाट्या पाहायच्या, पण वाचायच्या नाहीत. जमत नाही. 'किराणा' हा शब्द दिसला की तो वाचला गेलेलाच असतो. तुम्ही परवानगी देईपर्यंत तो थांबत नाही. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि माणसाला शाईचा रंग सांगायला लावायचं. माणूस अडखळतो, कारण शब्द आधी वाचला जातो. तेव्हा आपल्यासारख्या वाचत्या माणसांना जवळजवळ सगळेच ओळखीचे शब्द साइट वर्ड असतात. 'आणि', 'आहे', 'महानगरपालिका', सगळे. तो शब्दांचा वेगळा असा प्रकार नव्हे. वाचणारा आणि शब्द यांच्यात जडलेल्या ओळखीचं ते नाव आहे.

मेख इथेच आहे. साइट वर्ड हे शिकण्याचं फळ आहे. शाळेच्या यादीत ते शिकवण्याची पद्धत म्हणून येतं. फळ आणि पद्धत यांची ही गल्लत बरीच जुनी आहे.

१८८६ साली जेम्स मॅकीन कॅटेल या संशोधकाने जर्मनीत, लायपझिगला वुंट यांच्या प्रयोगशाळेत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अक्षर किंवा शब्द क्षणभरच दाखवायचा आणि ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सराईत वाचकाला अख्खा शब्द ओळखायला एका सुट्या अक्षरापेक्षा फारसा जास्त वेळ लागत नाही, असं दिसलं. निष्कर्ष खरा होता. पण पुढे अनेक शिक्षकांनी त्यातून असं काढलं, की मोठी माणसं अख्खा शब्द एकदम पाहतात, तर मुलांनाही अख्खा शब्दच दाखवावा, अक्षरांच्या भानगडीत पडू नये. आता पाहा, सुगरण बाई भाजीत मीठ अंदाजाने टाकते. म्हणून स्वयंपाक शिकायला आलेल्या मुलीला 'मोजू नकोस, अंदाजाने टाक' असं सांगितलं तर काय होईल? सुगरणीचा अंदाज हा हजार वेळा मोजून झाल्यावरचा अंदाज असतो.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या 'बघा आणि म्हणा' पद्धतीची चलती होती. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी तिच्यावर टीका करणारं पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. त्या वादाच्या तपशिलात आज जात नाही.

आपल्या फ्रिजवरच्या याद्यांचा मूळपुरुष मात्र सांगितला पाहिजे. एडवर्ड विल्यम डोल्च, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी १९३६ साली २२० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मुलांच्या शब्दसंग्रहाच्या आधीच्या याद्या ताडून पाहून, त्यांत वारंवार येणारे शब्द त्यांनी निवडले. या २२० शब्दांत नामं नाहीत. ९५ नामांची यादी वेगळी केली. कारण उघड आहे. गोष्ट शेताची असली तर गाय येईल, समुद्राची असली तर होडी येईल. पण 'द', 'अँड', 'वॉज', 'सेड', 'विथ' हे शब्द कोणत्याही गोष्टीत येणारच. त्या काळच्या शालेय पुस्तकांतला निम्म्याहून अधिक मजकूर याच शब्दांनी व्यापलेला होता. यादी हुशारीने केलेली आहे, त्यात वाद नाही.

पण ती कोणासाठी केली होती? इलिनॉयमधल्या सहा वर्षांच्या मुलासाठी. ते मूल 'सेड' हा शब्द जन्मापासून ऐकत आलेलं आहे, दिवसातून पन्नास वेळा वापरतं. त्याला फक्त कानाच्या ओळखीचा शब्द कागदावर भेटायचा आहे. आपल्याकडे २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. ते येण्याला आमचा विरोध नाही. पण सांगलीच्या किंवा परभणीच्या मुलाच्या हातात हीच यादी पडते तेव्हा त्यातला 'विच' किंवा 'देअर' त्याने कधी ऐकलेलाच नसतो. त्याला शब्द नवा, उच्चार नवा, अर्थ नवा, आणि लिपीही नवी. चार अनोळखी माणसं एकदम घरात आली तर यजमान कोणाकोणाची नावं लक्षात ठेवणार? आणि यादीत नामं नसल्यामुळे चित्र दाखवायचीही सोय नाही. 'ॲपल'चं चित्र काढता येतं, 'ऑफ'चं काय काढणार?

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही.

शब्द हा त्यातल्या वर्णांची बेरीज आहे की एक अखंड वस्तू आहे, हा वाद आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीपासून चालत आला आहे. साधारण पाचव्या शतकातला भर्तृहरी 'वाक्यपदीया'त स्फोटाची बाजू मांडतो. अर्थाचं ज्ञान होतं ते अखंड शब्दाने. ध्वनी एकामागून एक येतात आणि त्या अखंडाला प्रकट करतात. उलट मीमांसक, विशेषतः सातव्या शतकातला कुमारिल, म्हणतो की वर्णांखेरीज निराळा स्फोट मानायची गरज नाही. दोघेही ऐकलेल्या शब्दाबद्दल बोलताहेत, छापलेल्या नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी गंमत अशी, की कॅटेलचे अनुयायी म्हणजे जणू अर्धेच स्फोटवादी. अखंड शब्द त्यांनी घेतला, आणि भर्तृहरीने जे पुढे सांगितलं ते सोडून दिलं. भर्तृहरी म्हणतो की श्लोक पाठ करताना प्रत्येक आवृत्तीत तो थोडा थोडा स्पष्ट होत जातो. त्याचप्रमाणे आधीचे ध्वनी अस्पष्टसा संस्कार ठेवून जातात आणि शेवटच्या ध्वनीबरोबर शब्द लख्ख होतो. म्हणजे अखंडाकडे जायची वाट ध्वनींवरूनच जाते. त्यांना वळसा घालून तिथे जाता येत नाही.

आधुनिक संशोधनही साधारण याच ठिकाणी येऊन पोचलं आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या लिनिया एहरी यांनी कित्येक दशकं हाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मूल शब्दाचा उच्चार ध्वनीध्वनीने जाणतं, ते ध्वनी अक्षरांना बांधतं, आणि अर्थाची गाठ मारतं. उच्चार, अक्षरं आणि अर्थ हे तीन पेड एकत्र वळले गेले, की थोड्याच आवृत्त्यांनंतर शब्द कायमचा नजरेत बसतो. नुसत्या आकृतीवर विसंबून राहिलेला शब्द बसत नाही, कारण इंग्रजीत आकृत्या फार सारख्या आहेत. एफ-आर-ओ-एम आणि एफ-ओ-आर-एम. डब्ल्यू-ए-एस आणि एस-ए-डब्ल्यू. 'व्हेन', 'देन', 'व्हेअर', 'देअर', 'वेअर'. पहिले वीस-पंचवीस शब्द मूल चित्रासारखे लक्षात ठेवतं आणि घरात कौतुक होतं. शब्द वाढले की चित्रं एकमेकांत मिसळायला लागतात, आणि तेच मूल 'एकाएकी मागे पडलं' असं आपण म्हणतो.

आमच्या शेजारी दुसरीतली एक मुलगी आहे. इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते. तिच्या आईने सहज म्हणून धड्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारलं, तर 'वॉज'ला 'सॉ' म्हणाली, आणि तिसऱ्या शब्दाला चित्राकडे पाहून 'रॅबिट' म्हणाली. शब्द होता 'रन'. मुलगी लबाड नाही. तिला जे करायला सांगितलं तेच ती करत होती. आकार पाहा, ओळखा, नाहीतर अंदाज करा. तिच्या वहीत बाईंनी लाल शाईत 'लक्ष देत नाही' असं लिहिलेलं होतं. ती तर फार लक्ष देत होती, फक्त भलत्या ठिकाणी.

वाचन नेमकं कधी सुरू होतं, हा प्रश्न लुडविग विटगेनश्टाइनलाही पडला होता. मूल शिकत असताना त्याने 'खरोखर वाचलेला' पहिला शब्द कोणता, असं विचारण्यात अर्थ आहे का? त्याचं उत्तर असं, की त्या अवस्थेत त्याला अर्थ नाही. एकच शब्द अलग काढून 'हा वाचला' म्हणता येत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असू, की हा माणूस १९२० ते १९२६ ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता, आणि १९२६ साली त्याने शाळकरी मुलांसाठी शुद्धलेखनाचा एक छोटा शब्दकोश प्रसिद्ध केला. हयातीत छापलेल्या त्याच्या दोनच पुस्तकांपैकी ते एक. शेजारच्या मुलीची गोष्ट त्याच्या प्रश्नाला धरूनच आहे. धड्यात 'वॉज' बरोबर आला म्हणजे तो वाचला, असं नाही. तो दुसऱ्या वाक्यात, दुसऱ्या पानावर, चित्र नसताना आला आणि तरी ओळखता आला, तर ते वाचन.

आता आपल्या मुलांची खास अडचण. पालकांनी इकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं आम्हांला वाटतं.

मराठी मुलाला विचारा, 'पाणी'मधून 'पा' काढला तर काय उरतं? ते चटकन 'णी' म्हणेल. आता विचारा, 'पाणी'मधून नुसता 'प्' काढला तर? उत्तर आहे 'आणी', पण पाच-सहा वर्षांची बहुतेक मुलं इथे गोंधळतात. कारण आपली लिपी अक्षरांची आहे. 'पा' हे आपल्याला एक वाटतं. गाण्यांच्या भेंड्या आपण शेवटच्या अक्षरावर खेळतो, शेवटच्या ध्वनीवर नाही. इंग्रजी लिपी मात्र सुट्या ध्वनींवर उभी आहे. 'कॅट' हा शब्द मराठी मुलाला दोन अक्षरांचा ऐकू येतो, कॅ आणि ट. इंग्रजीला तो तीन तुकड्यांत हवा आहे, क्, ॲ, ट्. कन्नडमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अक्षरलिपी शिकणाऱ्या मुलांना अक्षराची जाण लवकर येते आणि सुट्या ध्वनींची जाण सावकाश येते, असं त्यात दिसलं. कन्नड आणि मराठी लिप्यांची घडण सारखीच, तेव्हा हे आपल्यालाही लागू पडावं. यात मुलाचा दोष नाही, लिपीचाही नाही.

आणि या अडचणीवर आपण काय करतो? 'सी-ए-टी कॅट, आर-ए-टी रॅट' असं तालात म्हणवून घेतो. आपण सगळे तसेच शिकलो. पण कान देऊन ऐका. सी, ए, टी जोडून 'सीएटी' होतं, 'कॅट' कसं होईल? मराठीत 'क'चं नाव आणि 'क'चा आवाज एकच, त्यामुळे नाव घेतलं की वाचन अर्धं झालं. इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि काम दुसरं. 'डब्ल्यू' या नावात तर 'व' हा आवाज औषधालाही नाही.

म्हणून यादीला हात लावण्याआधी कान तयार करा, आणि तो मराठीतच करा. त्याला खर्च नाही. वाट म्हणा. आता 'व्'च्या जागी 'प्' आणा, पाट. मग ताट, खाट, लाट, घाट. ही गंमत स्वयंपाक करता करता, बसची वाट बघता बघता होते. ती जमली की 'मामा'तला पहिला 'म्' काढून दाखव, 'बस'मधला 'ब्' काढून दाखव. मूल खदखदून हसतं, कारण शब्दांची मोडतोड मुलांना आवडतेच.

मग चिंचोके घ्या. चिंचोके नसतील तर शर्टाची बटणं. 'कॅट' म्हणा आणि एकेका आवाजाला एकेक चिंचोका पुढे सरकवा. तीन. 'इन'ला दोन. 'रन'ला तीन. हे जमल्यावर चिंचोक्यांच्या जागी अक्षरं मांडा. आता यादी उघडा, आणि तुमच्या लक्षात येईल की डोल्चच्या यादीतले पुष्कळसे शब्द सरळ आहेत. इन, इट, ऑन, अप, ॲट, कॅन, गेट, डिड, बिग, रन, रेड, नॉट, हिम. यांत पाहून पाठ करण्यासारखं काहीच नाही. ते आवाज जोडून वाचता येतात. शाळेच्या यादीत त्यांच्यावर 'फोड करू नये' असा शिक्का का बसावा, हे आम्हांला समजत नाही. दुसरा गट जोडीच्या अक्षरांचा. टी-एच, एस-एच, दोन ई. दॅट, विथ, शी, सी, कीप, ग्रीन. जोडीचा आवाज एकदा सांगितला की हेही सरळ.

उरले वाकडे शब्द. इथेच सगळे घाबरतात. पण 'सेड' घ्या. तीन चिंचोके, स्, ए, ड्. अक्षरं चार, एस-ए-आय-डी. पहिलं अक्षर सरळ, शेवटचं सरळ. वाकडं काय, तर मधली ए-आय ही जोडी, जी इथे आखूड 'ए'चं काम करते आहे. तेवढ्याच जोडीखाली लाल रेघ ओढा. मुलाला सांगा, 'एवढंच लक्षात ठेव, बाकीचं तुला येतंच.' चार अक्षरांचं ओझं एका जागेवर आलं.

शिवाय वाकडे शब्द एकटेदुकटे नसतात, त्यांची घराणी असतात. 'वॉज'मधला ए हा 'ऑ'सारखा का? कारण शेजारी डब्ल्यू आहे. वॉश, वॉच, वॉन्ट, व्हॉट, सगळीकडे तेच. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' यांच्या शेवटी न बोलणारा ई का? कारण इंग्रजी लेखनात शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपवत नाहीत. तो ई तिथे नुसता टेकू आहे. 'कम', 'सम', 'सन' म्हणजे मुलगा, 'लव्ह', यांत 'अ'च्या जागी ओ कसा आला? जुन्या हस्तलिखितांत यू, एम, एन, व्ही ही सगळी उभ्या दांड्यांची अक्षरं शेजारी शेजारी आली की वाचणाऱ्याचा गोंधळ होई, म्हणून लेखनिक यूच्या जागी ओ लिहीत, असं त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण आहे. 'टू' म्हणजे दोन, यातला डब्ल्यू मुका आहे, पण 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व', 'ट्वेंटी' या भावंडांत तो अजून बोलतो. 'वन'ची भावंडं 'ओन्ली' आणि 'अलोन'. त्यांच्यात ओचा आवाज टिकला, 'वन'मध्ये बदलला. हे सगळं सहा वर्षांच्या मुलाला सांगा असं नाही. पण तुम्हांला माहीत असेल तर तुमचा चेहरा 'हे असंच आहे, पाठ कर' असा राहणार नाही, आणि मूल पुस्तकाआधी चेहरा वाचतं.

खरोखर एकटा म्हणावा असा शब्द म्हणजे ओ-एफ. एफ हे अक्षर इथे 'व्ह'चं काम करतं, आणि तसं ते इतरत्र करत नाही. आपण सर्रास 'ऑफ' म्हणतो. मूळ उच्चार 'ऑव्ह'. दिवा बंद करण्याचा 'ऑफ' वेगळा, त्यात दोन एफ.

कोणी म्हणेल, मराठी बरी, जसं लिहितो तसं वाचतो. इतकं सोपं नाही ते. 'चार' आणि 'चाक' यांतला च एकच लिहितो, म्हणतो मात्र दोन तऱ्हांनी. 'तो जात आहे' आणि 'त्याची जात' यांत अक्षरं तीच, ज निराळा. 'घर' लिहिताना र पूर्ण, म्हणताना अर्धा. मराठी मूल हे सगळं बिनचूक करतं, कारण तो शब्द त्याच्या कानात आधीपासून वसलेला असतो. इंग्रजीत नेमकी तीच पुंजी नसते. म्हणून शब्दकार्डाच्या आधी शब्द बोलण्यात यायला हवा. 'द' म्हणजे काय, असं मुलाला विचारू नका. त्याचं भाषांतर नाही. 'तो' म्हणजे 'द' नव्हे. 'गिव्ह मी द बॉल', 'ओपन द डोअर' असं चार दिवस खेळात म्हणा. मग कागदावरचा 'द' त्याला ओळखीचा पाहुणा वाटेल. आठवड्याला तीन-चार शब्द पुरेत, आणि प्रत्येक शब्द लगेच एखाद्या छोट्या वाक्यात भेटला पाहिजे.

आता चिठ्ठ्या.

एक भगिनी लिहितात, मुलगी चार वर्षांची आहे, शाळेने शंभर शब्द दिले आहेत, दिवाळीपर्यंत यायला हवेत. ताई, चौथ्या वर्षी कानाचे खेळ आणि भरपूर गोष्टी, एवढा अभ्यासक्रम आमच्या मते पुरेसा आहे. शाळेशी भांडू नका. बाईंना भेटून विचारा, यांतले सरळ शब्द कोणते आणि वाकडे कोणते, हे वेगळं करून द्याल का. हा प्रश्न विचारला की पुष्कळदा यादी आपोआप लहान होते.

दुसरी चिठ्ठी एका आजोबांची. त्यांना इंग्रजी येत नाही, नातवाला मदत कशी करावी. आजोबा, वाट-पाट-ताट तुम्हीच सर्वांत चांगलं खेळाल. आणि त्याला रोज मराठी वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत. छापलेल्या खुणांमधून बोलणं निघतं, हा शोध मुलाला एकदाच लावावा लागतो. तो मराठीत लागला की इंग्रजीत पुन्हा लावावा लागत नाही.

तिसरी चिठ्ठी गंभीर आहे. मुलगा तिसरीत आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अडखळत वाचतो, शाळेत 'मठ्ठ' म्हणतात. पहिलं म्हणजे हा शब्द घरात येऊ देऊ नका. दुसरं, डोळे आणि कान तपासून घ्या. तिसरं, वर्षभर नीट ध्वनी-अक्षर शिकवूनही आवाज जोडता येत नसतील, आणि घरात आणखी कोणाला अशी अडचण होती असं आठवत असेल, तर डिस्लेक्सियाची शक्यता ध्यानात घेऊन तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्या. 'वाढत्या वयात होईल नीट' म्हणून वाट पाहू नका. लवकर मदत मिळालेल्या मुलांना ती अधिक उपयोगी पडते. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. आणि अशा मुलाला तर नुसती पाहून ओळखायची कार्डं मुळीच देऊ नयेत. त्याला ध्वनींची फोड इतरांपेक्षा जास्त सावकाश आणि जास्त वेळा हवी असते.

शेवटची चिठ्ठी, दोनशे कार्डांचा संच विकत आणला आहे, त्याचं काय करू? फेकू नका. सरळ, जोडीचे आणि वाकडे असे तीन गठ्ठे करा. वाकड्यांवर लाल रेघ ओढा. मग पाच-सहा कार्डं जमिनीवर मांडून मुलाला त्यांचं वाक्य करू द्या. 'आय कॅन रन', 'शी सेड नो'. नामं लागली तर घरातल्या माणसांची नावं स्वतः लिहून घाला. आजीचं नाव असलेलं वाक्य मुलं चारदा वाचतात.

वेळ झाली. पुढच्या व्याख्यानाला जोडाक्षरांविषयी बोलू. त्यावरही बऱ्याच चिठ्ठ्या आहेत.